आमचे कपडे एल्म्सलीला जातात

लायल ब्रेस्नहननं मंगळवारी सकाळी गाडी बाहेर काढली की आमच्या कटलर्स फोर्डमध्ये लोक एकमेकांना विचारतात, "आता कोण गेलं?"

ऐकायला वाईट वाटतं, पण त्यात लायलची चूक नाही. चूक असलीच तर माझी आहे. तीच सांगायला बसलेय, तर जरा दम धरा.

मी उना कॉसग्रोव्ह. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जुन्या कपड्यांचं दुकान आहे, ते गेली एकोणीस वर्षं मी बघते. लोक नकोसे झालेले कपडे पिशव्या भरभरून आणून टाकतात, आम्ही पाच जणी ते निवडतो, इस्त्री करतो, टांगतो आणि किरकोळ किमतीला विकतो. आलेले पैसे चर्चला जातात. पगार कुणालाच नाही, त्यामुळे भांडणं अगदी मनापासून होतात.

लायल वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. वय एकसष्ट, घरात एकटा. शनिवार-रविवार हा माणूस डोंगरात. आमचे डोंगर म्हणजे ऐन जानेवारीत, भर उन्हाळ्यात, बर्फ पडेल आणि वर विचारेल, का रे बाबा, स्वेटर नाही आणलास? टास्मानियात राहायचं तर अंगावर काय आहे त्याला महत्त्व आहे. लायलनं मात्र या महत्त्वाचा पार धर्म करून ठेवलाय.

त्याचं एक तरी ऐकाच. तो म्हणतो, कुणाच्या घरात कोण काय घालतं हे मला मशीनच्या जाळीवरून कळतं. जाळीत अडकलेला कापडाचा भुगा तो जॅमच्या बरणीत साठवतो. एकदा माझ्या स्वयंपाकघरात, मी जेवायला बसलेली असताना, त्यानं ती बरणी टेबलावर ठेवली. आत जांभळा, गुलाबी, पोपटी भुसा.

"हे काय?"

"एका घरातला तीन महिन्यांचा फ्लीस," तो म्हणाला. "प्लास्टिकच्या बाटल्या वितळवून करतात ते कापड. हा जाळीत अडकला तेवढाच. बाकीचा नदीत. नदीतून ट्राउटच्या पोटात. तुझ्या ताटात काय आहे?"

"ट्राउट," मी म्हणाले.

"मग तू फ्लीसच खातेस, उना. वर लिंबू पिळून."

मी तो मासा मांजराला घातला. मांजरानं खाल्ला. मांजराला लायलची मतं माहीत नव्हती.

तर त्याचा नियम असा: प्लास्टिकचा धागा अंगाला लावायचा नाही. लोकर, सूत, लिनन, बस्स. आणि नवीन घ्यायचं नाही. का, तर जे कापड एकदा तयार होऊन बसलंय ते पुरतं झिजवल्याशिवाय दुसरं करायला लावणं हे पाप. आणि वर्षाला कपड्यांवर साठ डॉलरच्या वर खर्च नाही, चड्डी-मोज्यांसकट. आयुष्यात एकदाच त्यानं शहरातून झुळझुळीत नवं रेनकोट-जाकीट आणलं होतं. पहिल्याच पावसात आतला थर सोलून निघाला, उन्हानं जळालेली कातडी निघते तसा. ते जाकीट त्यानं फेकलं नाही. कापून मशिनांखाली घालायच्या चकत्या केल्या. अर्ध्या गावाची मशिनं आज त्या जाकिटावर उभी आहेत.

आमच्या दुकानात आला की पहिल्यांदा कपडा उलटा करणार. बाहेरून कपडा खोटं बोलतो म्हणे, आतली शिवण खरं बोलते. दुहेरी शिवण आहे का, बगलेत पट्टी आहे का, बटणाचा दोरा मागे गाठवलाय का. मग कडेचा एक धागा उपटायचा आणि काडी ओढून पेटवायचा. जळक्या केसांचा वास आला आणि चुरगळून राख झाली, तर लोकर. वितळून काळा मणी झाला, तर ठेव परत. हॉलमध्ये काडी ओढायला आम्ही बंदी केली. तेव्हापासून तो धागा उपटून बाहेर पायरीवर जाऊन जाळतो आणि आत येऊन सगळ्यांसमोर निकाल सांगतो. लेबलवर 'शुद्ध लोकर' छापलेला स्वेटर आमची एक बाई मोठ्या कौतुकानं घेऊन चालली होती, तर हा दारातून ओरडला, "चाळीस टक्के बाटली आहे ती!" बाईनं स्वेटर ठेवून दिला. असली गिऱ्हाइकं फुकट मिळाली तरी परवडत नाहीत.

आणि माणसाचं म्हणाल, तर त्याला माणसं दिसतच नाहीत. सहा वर्षं त्याला माझं नाव माहीत नव्हतं. पण मी कुठल्या साली कुठला निळा स्वेटर घातला होता आणि त्याची वीण कुठली, हे झोपेतून उठवून विचारा, सांगेल.

आता आमच्या दुकानाची रीत सांगते, म्हणजे चूक कळेल.

गाव लहान. कुणी गेलं की त्याचे कपडे दोन-चार महिन्यांत आमच्याकडे येतात. बायका आणून देतात, मुली आणून देतात. आणि ते कपडे आम्ही इथे टांगले, तर आठवड्याभरात कुणी तरी ते घालून पोस्टात उभं. म्हणजे ज्या बाईनं काळीज घट्ट करून नवऱ्याचा शर्ट दिला, तिला तोच शर्ट भाजीच्या दुकानात टोमॅटो निवडताना दिसणार. तसं एकदा झालं होतं. पुन्हा व्हायला नको म्हणून मीच तोडगा काढला. डोंगरापलीकडे सेहेचाळीस किलोमीटरवर एल्म्सली नावाचं गाव आहे, तिथेही असंच दुकान आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांची गाडी येते, आमच्या गेलेल्या माणसांच्या पिशव्या तिकडे आणि त्यांच्या इकडे. एल्म्सलीच्या मेलेल्यांचे कपडे आम्ही घालतो, आमच्यांचे ते घालतात. कुणाला कुणी दिसत नाही.

आणि आमच्या गावातलं कुणी एल्म्सलीला जातच नाही. त्यांनी एकदा फुटबॉलचा अंतिम सामना आमच्याकडून रडीनं जिंकला होता. त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली, पण रडी ती रडीच. आमची माणसं पेट्रोल संपलं तरी तिथे थांबत नाहीत, उताराला लावून पुढे येतात. तेव्हा माझी योजना पक्की होती.

लायलला फुटबॉल कळत नाही. हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्याला एवढंच कळलं होतं, की आमच्या गावातली चांगली लोकर दर महिन्याला गाडीत बसून कुठे तरी जाते. मग तोही जायला लागला. एल्म्सलीच्या बायका सोमवारी आलेला माल मंगळवारी टांगतात. हा मंगळवारी दहा वाजता दारात. म्हातारा हर्ले गेला, त्याची पँट लायलच्या अंगावर परत आली. पोस्टमास्तर गेला, त्याचे चार मोजे परत आले. पण पँट-मोजे कोण ओळखतं? मला पत्ता लागला नाही. गावानं मात्र मंगळवार आणि मयत यांची सांगड केव्हाच घातली होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या गावात आपल्यालाच शेवटी कळतं.

फेब्रुवारीत क्लेम पेडर गेला.

क्लेम म्हणजे सहा फूट दोन इंच, तळ्यावरच्या बंधाऱ्याचा रखवालदार. बारा महिने अंगात एकच कोट: गडद हिरव्या जाड लोकरीचा, गुडघ्यापर्यंत, डोक्यावरून घालायचा, गळ्याशी नाडी, मागे मोठी टोपी. उजव्या बाहीवर विस्तवाची ठिणगी पडून जळलेला डाग होता, तिथे त्याची बायको नोलीन हिनं करड्या लोकरीनं रफू केलं होतं. अर्ध्या मैलावरून कोट दिसायचा आणि कळायचं, क्लेम येतोय.

त्याच्या दफनाला नोलीन रडली नाही. कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना चहा दिला, केक कापले, कपबश्या धुतल्या, दार लावलं आणि घरात बसली. चार महिने. दूध मी नेऊन द्यायची. बोलायची नाही असं नाही, दुधाविषयी बोलायची. मी आणि नोलीन पाच वर्षांच्या असल्यापासून एका बाकावर बसलोय. मला तिचं ते दुधावरचं बोलणं ऐकून रात्र रात्र झोप लागायची नाही.

जूनमध्ये, ऐन थंडीत, ती एकदम दुकानात आली. हातात तो कोट, घडी घालून.

"कपाट उघडलं की समोर लटकलेला असतो," ती म्हणाली. "घेऊन जा. पण उना, तो मला या गावात पुन्हा दिसता कामा नये. मी हळूहळू बाहेर पडायचं ठरवलंय. बुधवारी लायब्ररी, शुक्रवारी बाजार. तो कोट रस्त्यात दिसला, तर मी परत आत जाईन आणि मग बाहेर येणार नाही. तू मला ओळखतेस."

ओळखते म्हणजे काय! तिच्या आईनं तेच केलं होतं, दार लावलं ते कायमचं.

"नाही दिसणार," मी म्हणाले. "माझा शब्द."

कोट सोमवारी एल्म्सलीला गेला.

शनिवारी मी दुकान उघडत होते, तर समोरून क्लेम आला. खरं सांगते, माझ्या हातातून किल्ल्या पडल्या. मग टोपी मागे झाली आणि आतून लायलचं डोकं निघालं.

"उना! हे बघ! जन्मात असा मिळाला नव्हता." त्यानं तिथेच खालचा काठ उलटून दाखवायला सुरुवात केली. "दुहेरी शिवण. खांद्यावर दोन थर. काडी लावायचीसुद्धा गरज नाही, नुसता वास घे. अठरा डॉलर! मूर्ख आहेत ते लोक."

"काढ तो."

"थंडी आहे."

मी त्याला बखोट धरून आत ओढला, दार लावलं आणि सगळं सांगितलं. कुणाचा, कसा, मी काय शब्द दिलाय. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"क्लेम कोण?" त्यानं विचारलं.

"अरे देवा! चाळीस वर्षं एका गावात राहिलास! उंच, बंधाऱ्यावरचा!"

"त्यांचं मशीन कुठलं?"

"मला काय माहीत!"

"मग नाही आठवत." त्यानं बाहीवरचं रफू अंगठ्यानं चाचपलं. "हे बघ उना, असा कोट तीस वर्षं चालतो. त्यानं चौदा वापरला म्हणतेस. सोळा शिल्लक आहेत. सोळा वर्षं पेटीत घालून कसरीला चारायची?"

मी म्हणाले, तुझे अठरा डॉलर देते, वर वीस देते. नको म्हणाला. मी मागच्या खोलीतून दुसरा कोट आणून दिला, चांगला, जवळपास नवा. तो धागा उपटून पायरीवर गेला आणि परत आला. "अर्धा बाटली," म्हणाला. मी त्याला निर्दय म्हटलं, कंजूष म्हटलं, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी टेबलाशी बसले आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. रागानं आलं होतं, पण त्याला ते कळलं नाही. तो चमकला.

"ती कुठल्या कुठल्या वारी बाहेर पडते म्हणालीस?"

"बुधवार आणि शुक्रवार."

"बरं. बुधवारी आणि शुक्रवारी नाही घालणार. तिच्या घरावरूनही जाणार नाही. उरलेले पाच दिवस माझे."

मी हो म्हणाले. दुसरं काय करणार? आणि पाच आठवडे ते जमलं. नोलीन लायब्ररीत जायला लागली, बाजारात जायला लागली. एके शुक्रवारी कोबी महाग आहे म्हणून दुकानदाराशी कडाडून भांडली. मला इतका आनंद झाला, की मी तोच कोबी घेतला.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, दुपारी साडेबाराला दुकानाचं दार उघडलं आणि नोलीन आत. डोक्याला रुमाल, ओठांवर किंचित लाली.

"चल," ती म्हणाली. "सॉसेज रोल खाऊ या."

"आज गुरुवार आहे," मी म्हणाले.

"बरं मग?"

"बुधवार-शुक्रवार म्हणाली होतीस."

"अगं, मनात आलं! मनात यायला वार लागतो का?" आणि ती हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. त्या हसण्यापुढे मी काय सबब सांगणार? वर म्हटलं, दोनशे पावलांवर बेकरी, भिजक्या दुपारी कोण भेटतंय!

बेकरीची रांग बाहेर फुटपाथवर आली होती. सहा-सात जण. त्यात मधोमध, पाठमोरा, हिरवा कोट.

मी नोलीनचा दंड धरला आणि वळवायला गेले. ती वळली नाही. खांबासारखी उभी. मी तोंड उघडलं, लायलला हाक मारून काय सांगणार होते देव जाणे, तेवढ्यात तीच बोलली.

"वळू नकोस."

आवाज मोठा नव्हता. रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली. फक्त तो कोट वळला नाही.

"नोलीन," मी म्हणाले, "तो लायल आहे गं, लायल ब्रेस्नहन, मी तुला…"

"दिसतंय मला कोण आहे ते. तू गप्प बस." मग पुन्हा त्याला, "पुढेच बघ."

"किती वेळ?" लायलनं पुढे बघत विचारलं.

"मी सांगेपर्यंत."

तो उभा राहिला. रांग सरकली, तो सरकला नाही. मागची माणसं खाली मान घालून त्याला वळसा देऊन आत जायला लागली. बेकरीवाल्यानं दारातून डोकं काढलं, परिस्थिती बघितली आणि परत आत घेतलं. बारीक भुरभुर पडत होती आणि कोटावर पाण्याचे थेंब नुसते बसून होते, आत शिरत नव्हते.

बऱ्याच वेळानं लायल समोरच्या भिंतीशी बोलावं तसा बोलला. "धुतलाय कुणी हा?"

"मी," नोलीन म्हणाली.

"थंड पाण्यात?"

"थंड पाण्यात. टबात. पिळायचा नाही. टॉवेलात गुंडाळून वर उभं राहायचं. चौदा वर्षं."

"वाटलंच. मशीन लागलेलंच नाही याला." त्यानं बाहीवरून हात फिरवला. "असा धुतलेला मी दुसरा पाहिला नाही."

लायल ब्रेस्नहननं माणसाविषयी काढलेले हे पहिले चांगले उद्गार. मी साक्षीला आहे.

नोलीननं आभाळाकडे बघितलं. "टोपी घाल," ती म्हणाली. "पाऊस आहे ना. तो पावसात टोपी घालायचा."

लायलनं दोन्ही हात वर केले आणि टोपी डोक्यावर ओढली.

आणि मग नोलीन रडली. भर रस्त्यात, गुरुवारी दुपारी, तोंडावर हात न घेता, लहान पोरीसारखी हमसून हमसून. मी तिला धरलं. मीही रडले, खोटं कशाला सांगू? मला वाटलं, संपलं. आता ही घरी जाईल, दार लावेल, आणि ते मी लावलेलं असेल.

तेवढ्यात लायल त्या कोटातून बाहेर पडायला लागला. डोक्यावरून काढायचा असल्यामुळे थोडी झटापट झाली. आत नुसता बनियन. त्यानं कोटाची नीट घडी केली आणि मागे न बघता हात पाठीमागे धरला.

"घ्या," तो म्हणाला. "मी दुसरा बघीन."

थंडीनं त्याच्या दंडावर काटा आला होता. दुसरा कुठून बघणार होता? असा जन्मात मिळाला नाही, हे त्यानंच मला सांगितलं होतं.

नोलीननं नाक पुसलं. हात पुढे केला नाही.

"रिकामा घेऊन काय करू?" ती म्हणाली. "रिकामा मी चार महिने बघितला. कपाट उघडलं की रिकामा, उघडलं की रिकामा. मेला त्याच्यापेक्षा तेच वाईट होतं. घाल तो. घाल आधी, गारठून मरशील, मग तुझे कपडे उना एल्म्सलीला पाठवेल."

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. लायलनं कोट परत घातला.

"आता वळू?"

"थांब. असा वाकून का उभा राहतोस?"

"तीस वर्षं मशिनांच्या मागे वाकून काम करतोय."

"तो ताठ असायचा," नोलीन म्हणाली. "कोटाचे खांदे बघ कसे लोंबतायत. ताठ हो जरा."

लायल ताठ झाला. कुठून तरी त्याची तीन बोटं उंची निघाली. नोलीननं मनसोक्त बघितलं. मग "हं" म्हणाली आणि माझा हात धरून त्याच्या शेजारून आत गेली. आम्ही सॉसेज रोल खाल्ले. तिनं दोन खाल्ले.

आता तो कोट गावात सातही दिवस असतो. लायल सकाळी कामाला चर्च स्ट्रीटवरून चालत जातो, वाकलेला, हत्यारांची पिशवी घेऊन. नोलीनचं कुंपण सुरू झालं की ताठ होतो. कुंपण संपलं की परत वाकतो. मी एकदा विचारलं, हे काय रे? तर म्हणाला, तसं केलं की कोट खांद्यावर नीट बसतो. नोलीन तेव्हा खिडकीत आहे की नाही, हे तो बघत नाही.